पाठमोरी कुटुंबं

मी चित्रकलेची शिक्षिका आहे आणि मला माणसांचे चेहरे काढता येत नाहीत. आज हे वाक्य मी सहज लिहून टाकलं, पण चौदा वर्षं ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. झाडं, मडकी, वांगी, देवळांचे कळस, काय वाटेल ते काढून देते. पण दोन डोळे आणि एक नाक एका ठिकाणी नांदवायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम फुटतो.

राहते श्रीरामपूरला आणि शिकवते कोल्हारजवळच्या एका शाळेत. स्कूटीनं येऊन-जाऊन असते. रविवारी सकाळी आठ ते अकरा एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना बसणाऱ्या मुलांचा वर्ग असतो. आठवी-नववीची चाळीसेक मुलं येतात. निम्मी येतात दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून. काही येतात रविवारी घरी सापडलं तर कांदे निवडायला बसवतात म्हणून. चार-पाच खरोखरच चित्रं काढायला येतात. मला हे तिन्ही प्रकार आवडतात, फक्त पेन्सिलीला टोक नसलेली मुलं आवडत नाहीत. त्यांच्यावर मी जाम चिडते.

या परीक्षेत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. बाजार, बसस्थानक, लग्न असा विषय देतात आणि मुलांनी आठवून चित्र काढायचं असतं. चित्रात माणसं लागतात आणि माणसांना तोंडं असतात. माझी गाडी तिथंच अडायची. मग मी एक युक्ती काढली. सगळी माणसं पाठमोरी काढायची. बाई असेल तर आधी अंबाडा, मग मान, मग पदर आणि शेवटी टाचा. पुरुष असेल तर टोपी, शर्टाची पाठ आणि पायजमा. "पाठमोऱ्या आकृतीमुळे चित्राला खोली येते," असं मी अतिशय गंभीरपणे सांगायचे आणि मुलं ते वहीत लिहून घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! आमच्या शाळेच्या चित्रांत बाजारातली भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायची. तरी मुलं बी ग्रेडनं पास होत होती, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं.

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी मला पोचायला उशीर झाला. घाईघाईत फळ्यावर सरावाचा विषय लिहिला, 'आमच्या घरच्यांचा ग्रुप फोटो', आणि डबा खायला स्टाफरूममध्ये गेले. आपण काय लिहून आलो हे पोह्यांचा शेवटचा घास होईपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नाही. ते शिरलं तेव्हा मी हात न धुताच पळत वर्गात गेले.

उशीर झाला होता. चाळीस कागदांवर चाळीस कुटुंबं फोटो काढून घेत होती आणि सगळीच्या सगळी पाठमोरी होती. आजोबांची टोपी मागून, आईचा अंबाडा मागून, धाकट्या भावाची चड्डी मागून. एकानं फोटोग्राफरही पाठमोरा काढला होता. त्यामुळे फोटोग्राफर एकीकडे निघाला होता, कुटुंब दुसरीकडे निघालं होतं, आणि मध्ये कॅमेऱ्याची रिकामी तिपाई उभी होती. एकीनं घरची म्हैस कुटुंबात घेतली होती. तिनंही शेपूट फोटोकडे केलं होतं. एका हुशार मुलानं तर खाली लिहिलं होतं, 'सर्वजण लाजत आहेत.'

मी पहिल्यांदा ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. मग काय, वर्गच फुटला. मी ते कागद ओळीनं भिंतीला लावले, त्यानं हसणं आणखी वाढलं. पोटं धरून, बाकांवर डोकी ठेवून पोरं हसत होती. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आमच्या आज्जीनं बघितलं तर म्हनंल, आमी काय चोरी केली का?" मला डोळे पुसायला रुमाल सापडेना, म्हणून मी रंगाच्या फडक्यानं डोळे पुसले आणि गाल निळे करून घेतले.

हसू जरा ओसरल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. म्हैस तिचीच. नववीतली, बोलायला चुरचुरीत, घरी उसाची शेती.

"मॅडम, तोंडं कवा शिकिवनार?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणाले. हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला आजही कळलेलं नाही. हसता हसता माणूस काहीही कबूल करतो.

तो आठवडा मी घरी तोंडं काढण्यात घालवला. शाळेत प्रदर्शन आहे, असं खोटंच सांगून नवऱ्याला खुर्चीत बसवलं. अर्ध्या तासानं त्यानं विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, "तुम्ही." तो उठून आरशासमोर गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. सासूबाईंनी कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि ठामपणे म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असा कुणी नव्हता गं." मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यातला एक पोरगा दहा मिनिटांत हसत हसत चेहरा काढत होता. त्याचा इतका राग आला की मी मोबाईल पालथा ठेवला. नाचता येईना अंगण वाकडे, तशी मी पेन्सिलीला दोष दिला, कागदाला दिला, ट्यूबलाइटलाही दिला. शनिवारी मला ताप येईल अशी आशा होती. तो आला नाही. आता चाळीस मुलांसमोर माझी फजिती होणार हे मला लख्ख दिसत होतं.

मॉडेल म्हणून मी शाळेच्या शिपाईमामांना बसायला सांगितलं होतं. मामा लग्नाला निघाल्यासारखे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी टोपी, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली तर खाली ताजा काळाभोर कलप. स्टुलावर बसले ते आधार कार्डाचा फोटो असल्यासारखे, श्वास रोखून. "मामा, श्वास घ्या," मी म्हणाले. "चाललं का?" त्यांनी विचारलं. "अन् मॅडम, गालावरचा मस तेवढा काढू नका."

मुलं माझ्यामागे अर्धगोल करून उभी राहिली. स्टँडवर कार्डशीट, हातात कोळसा. चाळीस जणांचा श्वास मानेवर लागत होता. मी सुरुवात केली.

पुढं जे झालं त्यातली प्रत्येक पायरी अगदी तर्काला धरून होती. मामांचे दोन डोळे एका रेषेत येईनात. एक वर गेला, एक खाली राहिला. ते झाकायला मी वर चष्मा चढवला. मामा चष्मा लावत नाहीत. कलप लावलेले केस कोळशानं नुसते काळं डबकं झाले, म्हणून ते खोडरबरानं पुसत गेले, तर टक्कल पडलं. नाक बारीक करायला गेले ते लांब झालं. लांब नाकाखाली मामांची झुपकेदार मिशी शोभेना, म्हणून ती कातरून बारीक केली. मागं खुसखुस सुरू झाली. मी रागानं वळून बघितलं. म्हशीवाली मुलगी ओढणी तोंडात कोंबून उभी होती.

"मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "हे तर मोठे सर हायेत."

मी कागदाकडे बघितलं. खरंच मोठे सर होते. आमच्या मुख्याध्यापकांचा चष्मा, त्यांचं टक्कल, त्यांचं नाक. एवढं हुबेहूब की मला नमस्कार करावासा वाटला. आणि आमचं नशीब बघा, मोठे सर रविवारीही ऑनलाइन माहिती भरायला शाळेत येतात. गलका ऐकून ते त्याच क्षणी दारात उभे राहिले.

पोरं पटापट बाजूला झाली. सर चालत चालत स्टँडपाशी आले. चष्मा वर केला, खाली केला.

"अरे वा! मी?" ते म्हणाले. "मॅडम, समोर नसताना, नुसतं आठवून काढलंत? याला म्हणतात स्मरणचित्र! बघा रे, शिका काहीतरी." आणि कार्डशीट स्वतःच्या हातानं सोडवून, ऑफिसात लावतो म्हणून घेऊनसुद्धा गेले.

मामा स्टुलावरून उठले. "तासभर मान आखडून बसलो म्या, अन् फोटू सायबांचा?"

त्यानंतर जे हसू झालं त्याला तोड नाही. पोरं अक्षरशः फरशीवर बसली. एक जण ओरडला, "करायला गेले मामा अन् झाले मोठे सर!" मामासुद्धा शेवटी टोपीनं तोंड झाकून हसायला लागले. मी हसत होते आणि मनात म्हणत होते, वाचलीस बाई. खुद्द मुख्याध्यापकांनी शिक्का मारला होता. आता आणखी चौदा वर्षं कुणाला कळणार नव्हतं.

तेवढ्यात ती मुलगी अगदी साधेपणानं म्हणाली, "मॅडम, तुमी खरंच मोठ्या सरांचंच काढत हुता का?"

हो म्हणायचं होतं, एवढंच. जिभेवर आलंही होतं. पण इतकं हसल्यानंतर खोटं बोलायला लागणारी ताकद अंगात उरली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "मामांचंच काढत होते. मला चेहरे काढता येत नाहीत. कधीच आले नाहीत. म्हणून मी तुम्हाला सगळी माणसं पाठमोरी शिकवली."

मला वाटलं आता हसतील. कुणीच हसलं नाही. त्या मुलीचा चेहरा हळूहळू उजळला.

"व्हय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, आमालाच जमनार न्हाई म्हनून तुमी शिकवत न्हाई."

मागून दोघं-तिघं म्हणाले, "मला बी." मग आणखी काही जण. मला इतकी लाज वाटली की कोळशाचा तुकडा बोटांत मोडला. माझी झाकलेली मूठ मी या पोरांच्या जिवावर झाकली होती आणि मला पत्ताही नव्हता. पण लाज धरून बसायला वेळ कुणी दिला नाही. "मग आता?" असं चहूकडून सुरू झालं. मग आता काय! बाक फिरवले आणि दोघा-दोघांना समोरासमोर बसवलं. मामांसमोर तर तिघं बसले, कारण ते चित्र झाल्याशिवाय हलायला तयार नव्हते. मी त्या मुलीच्या समोर, बाकावर गुडघे दुमडून बसले. शिकवायला काही नव्हतंच. मी फक्त म्हणाले, "बघा आणि काढा. मीही काढते."

एकमेकांकडे टक लावून बघायचं आणि हसायचं नाही, हे काही जमेना. वर्गभर कुणी ना कुणी फुटत होतं. अकरा वाजून गेले, कुणी उठलं नाही. तिनं काढलेली मी वाकड्या तोंडाची होते, पण गालावर लागलेला कोळशाचा डाग मात्र बरोबर जागी होता. मी माझा कागद तिच्यापुढं सरकवला आणि परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी थांबले. तिनं तो नीट बघितला. खूप वेळ बघितला.

"मॅडम," ती म्हणाली, "ही मी न्हाई. पन कुनीतरी हाय."