सरकारी कामाला गेलेली सून

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. दोनदा लिहायला घेतली आणि दोन्ही वेळा पान फाडलं.

नामांतराच्या वादात गावं पेटली, त्यानंतरच्या वर्षांत मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. आईबाप दोघांनाही काम नाही अशा घरांना लहान मुलांच्या सांभाळासाठी थोडं सरकारी अनुदान मिळे. अर्ज खरा की खोटा, हे घरी जाऊन बघणं माझ्याकडं होतं. मी 'खोटाच असणार' असं धरूनच निघायचो. चुलीवर काय शिजतंय, बाईच्या हातात नव्या बांगड्या आहेत का, सगळं न्याहाळायचो. बौद्ध वस्तीत जरा जास्तच.

बोरीच्या पुढं एका गावातून असाच अर्ज आला. गावानं तिथल्या बौद्ध वस्तीला शेतावर बोलावणं बंद केलं होतं, हे मला माहीत होतं. तरी गेलो ते शंका घेऊनच. दारात म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसलेली. सून कुठंय, विचारलं.

"सरकारी कामाला गेली हाय. रोजच जायलीय बाबा, पाय सुजलेत तिचे."

आमच्याकडं रोजगार हमीवर खडी फोडण्याला सगळे सरकारी कामच म्हणत. मला वाटलं, सापडली. उभ्याउभ्याच लिहिलं: अर्जदार रोज कामावर जाते, अनुदान देऊ नये.

पुढं ती बाई निकाल विचारायला आली. मी कागद दाखवला, तसा शिपाई हसला. "साहेब, ही कुठली खडीवर? काम नसल्याच्या दाखल्यासाठी महिनाभर आपल्याच वऱ्हांड्यात बसायलीय."

'उद्या या' असं तिला मीही दोनदा सांगितलं होतं. मान वर न करता.

अहवाल परभणीला गेला होता. दुरुस्तीचं एक पत्र पुरे होतं, पण त्यात माझी चूक मलाच लिहावी लागली असती. मी म्हणालो, "निकाल वरून आलाय, बाई." ती माझ्याकडं बघत राहिली. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं असावं. लेकरं म्हातारीपाशी टाकून नवरा-बायको परमुलखात गेली, हे नंतर शिपायाकडूनच समजलं.

काही वर्षांनी परभणीच्या स्टँडवर ती दिसली. मनाशी जुळवाजुळव करत जवळ गेलो. तिनं मला ओळखलं नाही.

"दादा, जिंतूरची गाडी लागली का?"

"लागली," मी म्हणालो.

ती गाडीत चढली. बाई, तुमचा अर्ज खरा होता, खोटं मी लिहिलं, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.