आत्तीची वाढीव मजुरी

माझ्या आत्तीचा या जगात कुणावरही विश्वास नाही, आणि जगालाही आता त्याची सवय झालेली आहे. मी साताऱ्याहून कंदी पेढे नेले की ती आधी मला एक खायला लावते, थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसते आणि मी धडधाकट आहे अशी खात्री पटली की मगच पुडा आत नेते. एसटीत कंडक्टर हसून "बसा मावशी" म्हणाला तर ही तिकीट पुन्हा तपासते. "दोन दिवसांत बरं वाटेल" असं छातीठोक सांगणाऱ्या डॉक्टरकडं ती दुसऱ्यांदा जात नाही.

उन्हाळ्यात ती तासगावच्या एका शेडवर बेदाणा निवडायला जाते. तिथंच यंदा बातमी आली, की किमान मजुरी वाढवायचा कायदा येऊ घातलाय. बाया हरखल्या. कायदा झाला की लगेच देऊ, असं मालकानंही हसत सांगितलं. झालं! मालक हसला म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं म्हणत आत्ती सगळ्या बायांना घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "कायदा हुईल तवा हुईल. द्यायचं मनात आसंल तर आजपासनं द्या, न्हाईतर हसू नका." मालकाचं हसू गेलं, मजुरी मात्र तेवढीच राहिली.

त्या घोळक्यात शेजारची शालन होती. पावसाळ्यात हीच शालन आत्तीच्या सोयाबीनमध्ये तण भांगलायला येते, कारण आत्तीचं थोडं रान आहे आणि तिथली मालकीण आत्ती. आत्तीचे यजमान वारल्यापासून तिच्याशी दिवसभर बोलणारं माणूस म्हणजे शालन एकटीच. यंदा शालननं खुरपं हातात घेताना विचारलं, "आक्का, मालकाला म्हनला ते तुमास्नी बी लागू हाय न्हवं?" हिला कुणीतरी पढवून पाठवलंय, असं आत्तीनं तिला तोंडावर सांगितलं. शालन खुरपं ठेवून घरी गेली ती आलीच नाही.

मी सुट्टीला गेलो तेव्हा रानात तण माजलं होतं आणि आत्ती बांधावर, भाकरीचं फडकं न सोडताच, शालनच्या घराकडं बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ती शालनकडं गेली आणि वाढीव मजुरी आगाऊ तिच्या हातात ठेवली. कायदा अजून मुंबईतच होता. शालननं नोटा उन्हात धरून बघितल्या, मग आम्हा दोघांकडं बघितलं. "आक्का, खरं सांगा, कशावर अंगठा उठवायचा हाय?"

आत्ती हसली, आणि तिथंच सगळं बिघडलं. शालननं नोटा परत केल्या. बघू उद्या, म्हणाली.

परत येताना आत्तीनं नोटा कनवटीला खोचल्या. मग म्हणाली, "माझ्या मनात कायबी न्हवतं रं. यील न्हवं ती?"

येईल की, मी म्हणालो. मला खात्री नव्हती. जन्मभर माझ्या प्रत्येक शब्दाची उलटतपासणी घेणाऱ्या आत्तीनं नुसती मान डोलावली. तिनं एकदा तरी खोदून विचारायला हवं होतं, असं मला फार वाटलं.