बहिऱ्याचा बल्ब

५ डिसेंबर. गाडीचं टायमिंग बसवायचं.

म्हणजे बाबांनी महिन्याभरापूर्वी बसवलेलं मोडून पुन्हा बसवायचं, आणि तसं त्यांना सांगायचं. बाबा पुलगावात चाळीस वर्षं मोटार मिस्त्री होते. आमच्या जुन्या अँबेसिडरचं टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी पडायची नेमकी वेळ, ते कानानं बसवत. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर अंदाजानं फिरवायचा आणि गाडी पुलावर न्यायची. चढावर टाप गिअरमध्ये इंजिन डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजलं, तर ठिणगी लवकर पडतेय. केसभर मागे घ्यायचं. बाकीचे मिस्त्री बल्ब लावून बघत. बाबा त्याला ‘बहिऱ्याचा बल्ब’ म्हणत आणि हसत.

आता तो बारीक आवाज त्यांनाच ऐकू येत नाही. कान दाखवायला तयार नाहीत. गेल्या महिन्यात पुलावर त्यांनी मला विचारलं, “वाजते का?” इंजिन चांगलंच खडखडत होतं. त्यांचा चेहरा बघून मी “नाई” म्हणाले. एरवी मी खोटं बोलत नाही. असंच चालवत राहिले असते तर पिस्टन गेले असते.

अंगणात बॉनेट उघडलं आणि मोठ्यानं सांगितलं, “बाबा, गाडी वाजते. महिन्यापासून वाजते.”

“मंग तवा काऊन नाई सांगतलं?”

“तुमाले वाईट वाटलं असतं.”

“अन् इंजिनाले चांगलं वाटून राह्यलं का?”

ते आत निघून गेले. मी प्लग पुसत बसले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटा बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. वायरी जुन्या, कडक झालेल्या.

“हा तुमच्याजवळ होता?”

“सगळ्याइजवळ राह्यते. तू डिस्ट्रिब्युटर धर.”

त्यांनी पान्यानं पुली फिरवून खुणेवर आणली, बल्बची एक वायर कॉइलला, दुसरी बॉडीला लावली. मी डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला आणि तो हळूहळू फिरवू लागले. आतले पॉइंट उघडून ठिणगी पडायची वेळ आली की बल्ब पेटतो, तिथंच थांबायचं.

“पेटला!” दोघंही एकदम ओरडलो. बोल्ट त्यांनी स्वतः आवळला. मग पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

६ डिसेंबर. सकाळी मी त्यांना पुलावर नेलं. चढ लागला तरी टाप गिअर सोडला नाही. बाबा रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

“वाजते का?”

“नाई.”

“खरं सांग.”

“खरंच नाई, बाबा.”

पूल उतरल्यावर मी घराकडे न वळता गाडी वर्ध्याच्या रस्त्याला घातली.

“इकडे कुठं?”

“कानाच्या डॉक्टरकडे.”

बाबांनी हात डॅशबोर्डवर टेकवला आणि इंजिनाची थरथर बघितली.

“चाल,” म्हणाले. “पन टापमध्ये टाक. काऊन तिसऱ्यात रडवून राह्यली तिले?”