टी-फोर कमी का आला

आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यानं शेजाऱ्याची कोंबडी फाडली, म्हणून अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, त्याला काठी मोडेपर्यंत मारलं. मी ओरडत राहिले. पंधरा दिवसांनी ते खाईना, उठेना. आम्ही त्याला हुलसूरहून बिदरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रक्ताच्या तपासणीत थायरॉइडचा टी-फोर कमी आला.

"वय झालंय. थायरॉइडच असंल," अण्णा सुटल्यासारखा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "नुसत्या टी-फोरवरून सांगता येत न्हाई. थायरॉइड बिघडला की बहुतेक वेळा त्याला कामाला लावणारा टीएसएच वाढतो. ह्याचा वाढला न्हाई. दुसऱ्या दुखण्यानंबी टी-फोर उतरतो."

त्यांनी पाठीवरचे, बरगडीवरचे केस कापले. बरगडीवर पू भरलेली जखम होती.

"कुणी मारलंय ह्याला?"

"मीच," अण्णा म्हणाला.

पू काढताना त्यानंच कुत्र्याला दाबून धरलं. कुत्रं त्याच्या मनगटाला कडकडून चावलं. रक्त टेबलावर सांडलं, पण त्यानं हात काढला नाही.

जखम भरल्यावर, दीड महिन्यानं, पुन्हा रक्त तपासलं. टी-फोर बरोबर आला. कुत्रं जेवायलाय, फिरायलाय. अण्णा जवळ आला की मात्र अजून अंग चोरतं.