बाळाबाईनं देवीला दिलेला शब्द

अनगोळच्या देवळाचं शिखर दिसायला लागलं, तरी बालवर्गातल्या शेवंतीच्या आजीपुढं, मालुबाईपुढं काय बोलायचं ते जयाबाईंना सुचत नव्हतं. शहापुरातून निघाल्यापासून त्या मनात वाक्यं जुळवत होत्या आणि मोडत होत्या.

"बाई, बांधाकडनं या. तिकडं पाय रुततोय," पुढून बाळाबाई म्हणाली.

तिच्या खांद्यावर गाठी मारलेली दोरी होती. जयाबाई शहापुरातल्या बालवर्गाच्या शिक्षिका, बाळाबाई तिथली आया. नवरा गेल्यावर वडगावात विणकरांच्या घरी सुताच्या कांड्या भरून तिनं दिवस काढले, आणि त्यातल्याच एका घरून ही जुनी दोरी आणली. रोज सकाळी अनगोळची पोरं या दोरीला धरून शाळेत यायची, एकेका पोराची एकेक गाठ. पोरं शाळेत घाला म्हणून दारोदार हिंडली तीच. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुणाचं पोर दही खाल्लं की शिंकतं ते पाठ होतं. दोन दिवस शेवंतीची गाठ रिकामी होती.

झालं होतं ते असं. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं होतं तसं जयाबाईंनी आश्विन लागताच पोरांकडून करवंट्यांत माती घालून गहू, मूग पेरून घेतले. रोज एक रोप उपटायचं, मूळ किती वाढलं ते बघायचं, आणि त्याचं चित्र तक्त्यावर काढायचं. अष्टमीला तपासनीस बाई येणार होत्या, तोवर तक्ता भरायचा होता. पोरं मुळाला शेपूट म्हणत. त्याच दिवसांत घरोघर घट बसले. तिसऱ्या माळेला शेवंतीनं देवघरात जाऊन घटातलं एक रोप उपटलं आणि आजीला दाखवलं, "ह्येला बी शेपूट हाय."

नऊ दिवस ज्याला कुणी बोट लावत नाही, तो घट. मालुबाईनं नातीची शाळा बंद केली. अनगोळात मालुबाई म्हणेल ती पूर्व. तिची नात घरी बसली की बाकीच्या गाठीही रिकाम्या व्हायला वेळ लागणार नव्हता.

"मला येक सांगा," बाळाबाई वळून म्हणाली. "शाळेत उपटलं तर शाबासकी, घरात उपटलं तर धपाटा. पोरीनं समजायचं काय?"

"तेच मलाही कळेना," जयाबाई म्हणाल्या. त्यांच्याही घरी घट होता. सकाळी त्याला माळ घालून, हात जोडून त्या शाळेत येत आणि तासाभरात पोरांना रोप उपटायला लावत. इतके दिवस त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मालुबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. बसा म्हणाली, पाणी दिलं, मग विचारलं, "तुमच्यात घट बसतो न्हवं?"

"बसतो."

"उपटून बघता?"

"नाही."

"मग लोकांच्या पोरांना का शिकवता?"

"मुळं कशी वाढतात ते कळावं म्हणून."

"उपटल्यावर वाढतंय व्हय? माझ्या मालकानं पेरलेलं रोज उपटून बघितलं असतं तर आमी काय माती खाल्ली असती?"

बाळाबाईला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं. म्हातारीचं म्हणणं खरं होतं आणि तक्ताही खोटा नव्हता.

बाळाबाई उठली. "मी देवीला हात जोडून येतो," म्हणून आत गेली. तेवढ्यात शेवंती दाराआडून आली आणि जयाबाईंच्या कानाशी कुजबुजली, "बाई, घटातलं शेपूट शाळंतल्यापरास लांब हाय." जयाबाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि भीतीही वाटली. शाबास म्हणावं की गप्प बस म्हणावं ते ठरेना, म्हणून त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बाळाबाई बाहेर आली तशी मालुबाईची नजर तिच्यामागच्या देवघराकडं गेली. थोडा वेळ ती शेंगाच फोडत राहिली. मग म्हणाली, "दसऱ्याला घट उठल. धान टचटचीत आलं असंल तर पोर पाठवतो. न्हाय तर देवीच्या मनात न्हाय म्हणायचं. मला इचारू नका."

परतताना ऊन उतरलं होतं. शेताच्या वळणावर थांबून बाळाबाईनं दोरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बाई, रागावणार न्हाय तर सांगतो."

"सांग की."

"घटापुढं बोलून आलोय मी. पोरीची चूक पोटात घाल, आमच्या शाळंतल्या रोपांना बी दसऱ्यापातूर कोण हात लावणार न्हाय म्हणून."

जयाबाई जागीच थांबल्या. "अगं, मला विचारायचंस तरी. अष्टमीला तपासनीस बाई येणार. तक्त्यावर चारच चित्रं झालीत. त्यांना काय दाखवू?"

"ते मला कळत न्हाय. तुमच्या बाईंस्नी काय सांगायचं ते तुमी शिकलेल्या, तुमाला सुचंल. मी देवीला शब्द दिलाय, आणि करवंट्या तुमच्या हातात हायत. तेवढा माझा शब्द राखा."