पाचातले दोन चुकले

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतील, त्या पोटात घाला. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. मासे कापून कापून उजव्या हाताचं पहिलं बोट नीट वाकत नाही, म्हणून अक्षरही असं बुटकं आणि वाकडं येतं. तसं हे कुणाला दाखवायचं नाही. पण माझ्या मुलीचं काय काय झालं ते मला धड सांगता येत नाही. बाजारात कुणी विचारलं की मी हसते आणि माशांवर पाणी मारत बसते. लिहून तरी नीट लागतं का बघते.

मुलगी पहिल्यापासून पळणारी. मनोरीच्या पुळणीवर पहाटे पळायची, कुत्री मागे लागायची आणि दमून बसायची. तिचे वडील गेल्यावर मला वाटलं, आता ही टोपली घेईल. ती फौजेच्या भरतीला गेली आणि निवडून आली. तिला पार वरती डोंगरात पाठवलं. तिथून फोन कधीतरीच लागायचा, तोही तुटत तुटत. पहिल्याच थंडीत एकदा म्हणाली, "आये, मला स्कीत घेतलं."

मी "बरं झालं" म्हटलं. मला ऐकू आलं, स्कीम.

थोरली नणंद शेजारच्याच घरात राहते. ती बायकांची भिशी चालवते, त्यामुळे पैशातलं तिला कळतं. तिला सांगितलं.

"कसली स्कीम गो वयनी? फौजेत पगार मिळतो, स्कीम कशाला?"

"नवीन पोरींना घेतात, म्हणाली."

"बघ हां. स्कीमचे पहिले हप्तेच गोड लागतात."

मुलीला परत विचारायला हवं होतं. पण ती बारावी शिकलेली. विचारलं आणि हसली तर, असं वाटायचं. पोटच्या पोरीचीही लाज वाटते माणसाला, हे कुणाला सांगणार?

मग जानेवारीत तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"आये, आज वाट लागली. पाचातले दोन चुकले. दोन पेनल्टी बसल्या. लय मागे पडले मी."

"मग आता गो?"

"आता काय, भरून काढायचं. नाहीतर काढून टाकतील."

एवढ्यात फोन तुटला. मी परत लावला तर लागेना. तशीच नणंदेकडे गेले. तिनं सगळं ऐकलं आणि मान हलवली. म्हणाली, "पाच हप्त्यांतले दोन चुकले. वर दंड. नाही भरलं तर काढणार. नोकरीवरून, आणखी कुठून? मी सांगितलं नव्हतं?"

मुलगी घरी आली असती तर मी एका अर्थी खूशच झाले असते. पण असं हाकलून दिलेलं कसं चालेल? नणंद आत गेली आणि भिशीचे नाही, स्वतःचे वीस हजार घेऊन आली. "भाचीसाठी देते," म्हणाली. "पण परत घेणार. आत्या असले तरी खुळी नाय मी."

पैसे मुलीच्या खात्यात गेले. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"आये, तुला कसं कळलं?"

"आईला कळतं," मी म्हटलं.

ती रडायला लागली, आणि मला वाटलं, दंड भरला गेला, सुटली बिचारी.

थंडी सरताना तिनं फोटो पाठवला. सगळीकडे पांढरं, मिठागरात मिठाच्या राशी असतात तसं. बर्फ म्हणजे मला कारखान्यातली लादी, भुसा लावलेली, मासे ताजे राहायला. हा बर्फ वेगळाच. त्यात माझी मुलगी दोन लांब फळ्यांवर उभी, हातात दोन काठ्या, पाठीला बंदूक, गळ्यात पदक. नणंदेनं फोटो बोट लावून मोठा केला. "यात स्कीम कुठे आहे?" म्हणाली. मलाही दिसेना.

मे महिन्यात ती रजेवर आली, तेव्हा सोबत चाकं लावलेल्या आखूड फळ्या होत्या. बर्फ नसला की यावर सराव करतात म्हणे. सकाळी रस्त्यानं काठ्या टेकत जायची. जेट्टीवरच्या बायका ओरडायच्या, "काय गो, रस्त्यावर वल्ही मारतेस? होडी कुठे तुझी?" ती हात करायची आणि पुढे जायची. मला मात्र तोंड लपवावंसं वाटायचं.

एका दुपारी तिनं कुंपणाच्या भिंतीवर तिसऱ्यांच्या पाच शिंपल्या मांडल्या आणि ओट्यावर पालथी पडून काठीनं नेम धरला. म्हणाली, "आये, बघ. आधी त्या फळ्यांवर, स्कीवर, छाती फुटेस्तोवर पळायचं. मग अशी पडून पाच गोळ्या. छाती धडधडते, नेम हलतो. जेवढ्या चुकतील तेवढ्या जास्तीच्या फेऱ्या, दीडशे मीटरच्या. त्याला पेनल्टी म्हणतात."

मी सुपातलं सुकट निवडत होते. हात थांबला.

"पैसे नाही भरायचे?"

"कसले पैसे?"

"पेनल्टीचे."

ती उठून बसली. माझ्याकडे बघत राहिली. "आये, मग ते वीस हजार?"

"पेनल्टी भरायला पाठवलेले."

ती हसायला लागली ती हसतच सुटली, उचकी लागली तिला. मग डोळे पुसून सांगायला लागली. तिथं तिला पुरुषाचे बूट मिळाले होते, पुढे मोजे कोंबून घालायची, टाच सोलून निघायची. त्या पैशातून तिनं आपल्या मापाचे बूट घेतले. तिला वाटलं होतं, आईला बुटांचं कळलं. पदक त्याच बुटांवर मिळालं होतं.

नणंदेनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे नेम पोरीचा चुकला आणि दंड मी भरला."

पुढच्या काही वर्षांत मुलगी देशात पहिली आली, बंदुकीच्या शर्यतीतही आणि नुसत्या लांब पल्ल्याच्या शर्यतीतही. मला ती बिनबंदुकीची बरी वाटते, त्यात चुकायला काही नाही. पण तिचं मला कळतच नाही. इथे पहिली आली तेव्हा फोनवर रडत होती, कारण एक गोळी चुकली. परदेशात किती तरी जणींच्या मागे आली, तेव्हा हसत होती, कारण एकही चुकली नव्हती. पेढे कधी वाटायचे? मी दोन्ही वेळा वाटले. आणि जी चुकली तिलाच आणखी पळवायचं, हा कुठला न्याय? ती तर आधीच दमलेली असते.

बक्षिसाचे पैसे आले तेव्हा तिनं मला पाठवले. "आत्याचे देऊन टाक," म्हणाली. मी नाही दिले, तसेच तिच्या नावावर ठेवले.

नणंद चिडली. "पोरीचे काय, तुझे काय, पैसा तो पैसा."

मला तिला समजावता आलं नाही. पोरीनं फेडले असते तर बूट तिनंच घेतले असं झालं असतं. चुकून का होईना, ते मी घेतले होते. म्हणून बोंबील विकून, कधी पाचशे, कधी दोनशे, असं देत राहिले. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की काहीच द्यायला व्हायचं नाही. नणंद दारावरून जाताना नुसतं खाकरायची.

गेल्या महिन्यात शेवटचे दिले. तिनं अंगठा ओला करून नोटा मोजल्या.

"आता तरी सांग वयनी, पोरगी करते काय?"

"पाचातले पाच पाडते आणि पळते."

"आणि नाही पडले तर?"

"तर जास्त पळते."

"म्हणजे पळायचं काय सुटत नाय."

तिनं नोटा डब्यात टाकल्या, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाली, "फिटले गो सगळे. चहा पिऊन जा."