रापणीतला दुसरा वाटा

माझ्या थोरल्या भावानं मला फसवलं. दोघांनी मिळून घेतलेली जीप त्यानं मला न विचारता विकली. त्याच जीपमधनं आम्ही कोकणातली बंदरं, जुनी गावं, किल्ले पालथे घातले होते... तरी राग जीपचा नाही, न विचारल्याचा आहे. भांडणात मी नको ते बोललो. त्या दिवसापासून दादा मला चारचौघांत ‘पावणं’ म्हणायला लागला. आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, सख्ख्या भावाला नाही.

पाच वर्षं बोलणं बंद. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला, अंथरुणाला खिळला, उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. तरी मी कळंब्याला त्याच्या घरी गेलो नाही.

आता अनुभव सांगतो. माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरांचा. बोनेट उघडून बघितल्याशिवाय मी कशावरच विश्वास ठेवत नाही, भुताखेतांचं तर सोडाच.

गेल्या डिसेंबरात एकटाच गाडी घेऊन निघालो. गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्ग बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मिठबाव आणि आचऱ्याच्या मधल्या एका मच्छीमार वाडीत पोचलो. किनाऱ्यावर रापण चालू होती — लांब समुद्रात सोडलेलं जाळं दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं वाळूवर ओढत होती. मी मासळीचा भाव विचारून घासाघीस सुरू केली. त्यांचा म्होरक्या, म्हातारा तांडेल, म्हणाला की आधी दोर धर, जो ओढतो त्याला वाटा मिळतो. फुकट मिळतंय म्हटल्यावर मी चप्पल काढली. रांगेत मी शेवटचा. माझ्यामागं नुसती वाळू आणि दोराचं वेटोळं.

तासाभरानं जाळं आलं. तांडेलानं माझ्यापुढं बांगड्यांचे दोन ढीग घातले.

“ह्यो तुझो. ह्यो तुझ्या फाटल्याचो. खंय गेलो तो?”

म्हटलं, माझ्या मागं कोण होतं? मी तर एकटाच आलोय.

“उजवो हात आखडलेलो, तो रे. तुका सारको म्हणत होतो — वढा की पावणं, वढा की.”

बाकीच्यांनीही होकाराच्या माना डोलावल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी फुकटची वस्तू परत करायला लागलो, तर तांडेल उलट माझ्यावरच डाफरला. ज्याचा वाटा त्याला नेऊन दे म्हणाला.

वाळूतच बसून कळंब्याला फोन लावला. वहिनींनी उचलला. माझा आवाज ऐकून आधी रडल्या, मग म्हणाल्या, “भावजी, सकाळपासनं चादर धरून वढाय लागल्यात. बोटं मिटाय लागल्यात की वो त्यांची.”

दोन्ही वाटे बर्फात घालून तडक निघालो. दुपारी दादाच्या अंथरुणापाशी उभा राहिलो आणि म्हटलं, तुझा वाटा आणलाय. त्यानं पिशवीला हात घातला... उजवा. थरथरत का होईना, धरली.

“बस की बाळ्या,” म्हणाला.

आज तो स्वतःच्या हातानं जेवतोय. डॉक्टर म्हणतात, व्यायामाचा गुण. दादाला त्या सकाळचं काही आठवत नाही. तांडेलाला दोनदा जाऊन विचारलं, तो म्हणतो, बघितलं ते सांगितलं. मला अजून काही उलगडा नाही. पण ‘असतं असं काहीतरी’ म्हटल्यावर गप्प बसणारा मी नव्हे. अंथरुणावरनं उठता न येणाऱ्या माझ्या भावाला त्या दोरापर्यंत कुणी आणलं? आणायचंच होतं, तर पाच वर्षं कशाची वाट बघितली? जो कोण असेल त्यानं समोर यावं आणि मला जाब द्यावा.